‘आपलेच’ : वर्ध्याहून शहरात गेलेल्यांच्या जेवणाचा इतिहास

परवा माझा नातू मुंबईला निघाला. सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बसण्यापूर्वीच दादरला कुठे जेवायचे, गिरगावात काय खायचे, हे त्याचे ठरून गेले होते. फोनवर हॉटेलांची नावे होती, नावांखाली तारे होते आणि ताऱ्यांखाली अनोळखी माणसांनी लिहिलेले शेरे होते. ते पाहताना मला हिंगणघाटच्या आमच्या जुन्या घरातल्या लोखंडी पेटीची आठवण झाली. त्या पेटीत याच कामाची एक वस्तू आहे. लाल कापडी पाठीची, तळहाताएवढी, कोटाच्या आतल्या खिशात मावेल अशी माझ्या आजोबांची वही.

आजोबा कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. वर्षातून दोन-तीनदा कापसाचे नमुने घेऊन ते मुंबईला जात आणि कोर्टकचेरीच्या कामाला नागपूरला. वहीत १९३१ पासूनच्या नोंदी आहेत. हिशेब थोडा, बाकी सगळे जेवण. ‘ठाकुरद्वार. वरण उत्तम, तूप बेताचे. पाणी विहिरीचे. आपलेच.’ ‘काळबादेवी, वीशी. गोड फार. रात्री लवकर बंद.’ ‘नागपूर, महाल. सांगितल्यास पिठले-भाकरी करतात. आपलेच.’ अशा सत्तरएक नोंदी आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदींच्या शेवटी तो शब्द आहे : आपलेच.

लहानपणी ही वही चाळताना मला वाटे, आपलेच म्हणजे आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचे. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटावा, त्याने पानात आठवणीने ठेचा वाढावा, असे काहीतरी. त्या शब्दाचा खरा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि तो मी स्वतःहून शोधला असेही नाही. हा लेख त्या एका शब्दाचा माग आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आखलेल्या नव्या गावात आले. तेच आजचे वर्धा. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरपर्यंत पोचली आणि मुंबई सुमारे साडेसातशे किलोमीटरवर, पण एका तिकिटाच्या अंतरावर आली. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. आता कापसाच्या गाठींबरोबर माणसेही मुंबईला जाऊ लागली. व्यापारी गेले, कारकून गेले, विद्यार्थी गेले, गिरणीत काम शोधणारे गेले.

त्याआधी प्रवासातल्या जेवणाचा प्रश्न नात्यागोत्यातच सुटत असे. वाटेतल्या गावी कोणी सोयरा, कोणी जातभाई, एखादा मठ किंवा देवळाची ओवरी असे. गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात शिकायला गेला तर माधुकरी मागे, नाहीतर वार लावून जेवे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. रेल्वेने हे बदलले. ती माणसाला अशा गावात नेऊन सोडू लागली की जिथे त्याला कोणी ओळखत नव्हते, आणि त्यालाही कोणाचा चुलीपाशी वावर कसा आहे हे ठाऊक नव्हते. पोटाला मात्र वेळेवर भूक लागत होती.

पहिला उपाय शिदोरीचा. आमच्याकडे दशम्या करीत. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की ती पोळी टिकते, आणि दुधात भिजवलेले प्रवासात चालते, अशी सोवळ्यातली सोयीची समजूत. दशम्या मुंबईपर्यंत पुरत. पाण्याचे मात्र स्टेशनावरच बघावे लागे. तिथे ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे, चहाही तसाच वेगळा. सरकारी रेल्वेच्या फलाटावर माणसाला तहान लागली की आधी धर्म सांगावा लागे.

मुंबईत उतरल्यावर आजोबांच्या पिढीपुढे जेवणाचे तीन-चार मार्ग होते. गिरगाव-ठाकुरद्वारच्या बाजूला मराठी खानावळी आणि बोर्डिंगे होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह तर सर्वांना ठाऊक होते. लोकमान्य टिळक मुंबईत तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. काळबादेवीला कापसाच्या सट्ट्याच्या गजबजाटात गुजराती वीशा होत्या. माटुंग्याला दक्षिणेकडच्या लोकांची वस्ती वाढली तशी उडपी जेवणघरे आली. रामा नायकांचे १९४२ चे उडपी अजून चालू आहे. आणि नाक्यानाक्यावर इराणी होते. धोबी तलावाचे कयानी १९०४ चे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, ती इराण्यांनी घेतली असे सांगतात.

यांतले चांगले कोणते हे नवख्याने ओळखावे कसे? जेवणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टींची खात्री हवी असे : पाणी कुठले, तूप कसले आणि रांधतो कोण. आत जाऊन बघायची सोय नव्हती. नळाच्या पाण्याबद्दल जुन्या माणसांच्या मनात अढी होती, कारण नळाच्या आत चामड्याची चकती असते हे त्यांनी ऐकले होते. ‘पाणी विहिरीचे’ ही नोंद त्यासाठी. तुपाची भीती पुढे वाढली, कारण १९३७ पासून डालडा बाजारात आला आणि साजूक काय नि वनस्पती काय हे जिभेला कळेनासे झाले. ‘शुद्ध साजूक तुपातील’ ही अक्षरे पाट्यांवर मोठी होत गेली ती या भीतीपोटी. राहिला तिसरा प्रश्न, रांधतो कोण? त्याचे उत्तर पाटीवरच लिहिलेले असे : ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’, ‘ब्राह्मणी खानावळ’. त्या एका शब्दात तिन्ही प्रश्नांची उत्तरे आली, असे आजोबांसारखा माणूस धरून चाले. शेरे लिहिणारे कोणी नव्हते. जात हाच दर्जाचा शिक्का होता.

बारा वर्षांपूर्वी वर्ध्याच्या एका वाचनालयात मी या वहीवर बोललो. साधारण इथपर्यंतच बोललो. लोक हसले, वरणाच्या आणि तुपाच्या नोंदींना त्यांनी दाद दिली. परमुलखात मराठी माणसाने आपली चव कशी शोधली, असा माझा सूर होता. भाषण संपल्यावर माझा एक शाळेपासूनचा मित्र जवळ आला. त्याचे वडील हिंगणघाटला जिनात हमाली करीत. ज्या कापसाचे नमुने आजोबा मुंबईला नेत, त्याच कापसाची पोती त्यांच्या पाठीवरून गेलेली. मित्र म्हणाला, “छान बोललास. पण माझा बाप पण मुंबईले गेला होता गा. त्याची वही कुठी आहे?”

त्याच आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो. ते तेव्हा ब्याऐंशीचे होते. आवाज खणखणीत. मी त्यांना बाबाच म्हणत आलो. मी विचारले, बाबा, मुंबईत पहिल्यांदा गेलात तेव्हा जेवायचे हॉटेल कसे शोधले? ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हाटेल शोधाचा प्रश्न कुठी होता बाप्पा? आधी माणूस शोधाचा.”

ते १९५७ मध्ये गिरणीत बदली कामगार म्हणून लागता येते का हे बघायला गेले होते. सोबत आईने बांधून दिलेल्या भाकरी आणि एका कागदावर एकच पत्ता : नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली. गावाकडचा एकजण तिथे राहत होता. भाकरी संपल्यावर पहिल्या दिवशी ते एका खानावळीच्या दारात गेले. दारातल्या माणसाने दर सांगितला नाही. त्याने विचारले, कुठले? वर्ध्याकडचे. आडनाव काय? त्यांनी आडनाव सांगितले. मग, आज जेवण संपले आहे, असे उत्तर मिळाले. आत पंगत बसलेली दिसत होती. खानावळीचे नाव त्यांनी मला सांगितले; ते इथे लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी तशा कैक होत्या. ते तिथून निघाले, इराण्याकडे गेले, ब्रून मस्का आणि चहा घेतला. “त्यानं नाव नाई इचारलं,” ते म्हणाले. “पैशे इचारले.”

घरी येऊन मी वही पुन्हा उघडली. १९३१ ते १९६० या तीस वर्षांत त्यात एकही इराणी नव्हता. मुंबईच्या नाक्यानाक्यावर जे होते ते सत्तर नोंदींत कुठेच नव्हते. आपलेच या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. आजोबांसाठी जी पाटी वाट दाखवत होती, तीच पाटी बाबांसाठी दार लावत होती. पाटी एकच, अक्षरे तीच. तिच्यावर ‘इतरांना मज्जाव’ असे लिहावे लागत नव्हते, कारण ‘ब्राह्मणांचे’ एवढ्यात ते लिहून झाले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ चा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून भावंडांबरोबर वडिलांकडे निघालेले, मसूर स्टेशनावर उतरलेले नऊ वर्षांचे मूल. डब्यात खायला भरपूर होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही आणि पाण्यावाचून घास उतरेना म्हणून ती मुले रात्री उपाशी झोपली. पुढे १९१७ मध्ये परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आले तेव्हा त्यांना एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. शहरात चांगले जेवण कुठे मिळेल, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा तर तो इथूनही लिहावा लागतो. मी तो फक्त ठाकुरद्वारच्या वरणापासून लिहीत होतो.

याच काळात दारे उघडायचे प्रयत्नही चालू होते, आणि त्यांत जेवणाखाण्याच्या जागांना देवळांइतकेच महत्त्व होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवीत, चहा मागवून घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजीत. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या हॉटेलाला पहिला तारा छत्रपतींनी दिला. रत्नागिरीत १९३३ मध्ये सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण करून लोकांना एका पंगतीला बसवले.

आणि आमचे वर्धा? ते तर या प्रयोगांच्या मध्यभागी होते. जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. आता प्रवास उलटा सुरू झाला. मुंबई-दिल्लीची, विलायतेचीही माणसे वर्धा स्टेशनवर उतरू लागली आणि या लहान गावात जेवायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पडू लागला. काँग्रेसचे पुढारी बजाजवाडीत उतरत. आश्रमात जाणारे आश्रमाच्या स्वयंपाकघरात जेवत. तिथे सगळ्यांची पंगत एक होती, जेवण उकडलेले आणि बेताच्या मिठाचे होते, आणि जेवल्यावर ज्याचे ताट त्याने घासायचे होते. चवीसाठी कोणी तिथे जात नसे. पण मुंबईच्या पाट्या जे विचारत होत्या ते तिथे कोणी विचारत नव्हते.

आजोबा गांधीजींना मानीत. घरात चरखा होता, अंगावर खादी होती. वहीत १९४१ मधली एक नोंद आहे, नागपूर आणि मुंबईच्या नोंदींच्या मध्येच : ‘सेवाग्राम. प्रार्थनेस बसलो. दर्शन झाले. फार समाधान. जेवण घरी.’

हे शेवटचे दोन शब्द मी वाचनालयातल्या भाषणात वाचून दाखवले नव्हते. मला ते तेव्हा महत्त्वाचे वाटले नव्हते. आता वाटतात. वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. माणूस तिथवर गेला, प्रार्थनेत सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि पंगत मांडायची वेळ झाल्यावर उठून घरी आला. आजोबा दुष्ट नव्हते. कोणाला त्यांनी दारातून हाकलल्याचे मी ऐकले नाही. पण तशा पाट्या त्यांच्यासारख्या सज्जन माणसांच्या भरवशावरच चालल्या होत्या. तेच त्यांचे गिऱ्हाईक होते.

१९५० मध्ये राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावाने उल्लेख आहे. धर्म, जात यांवरून कोणाही नागरिकाला तिथला प्रवेश नाकारता येणार नाही असे तो सांगतो. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात, मूलभूत हक्कांच्या भागात, चहा-भजी मिळणाऱ्या जागेची नोंद घ्यावी लागली, यातच सगळे आले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने हॉटेलात येऊ न देणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. बाबा नायगावच्या त्या दारात उभे होते तेव्हा हा कायदा दोन वर्षांचा झाला होता. पाट्या हळूहळू उतरल्या, पण दारातला प्रश्न राहिला. पाटीवर लिहिलेली जात आता आडनाव विचारून काढली जाऊ लागली.

१९५६ ने आमच्या जिल्ह्याचे दुसरेही काहीतरी बदलले. तोवर आमची राजधानी नागपूर होती, पंचाहत्तर किलोमीटरवर. सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येता येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानी साडेसातशे किलोमीटरवर सरकली. बदली, पेन्शन, शाळेचे अनुदान, सगळ्याला मुंबई. तेव्हापासून वर्ध्याच्या माणसाने मुंबईत जेवायची एक नवी जागा शोधली : आमदार निवास. आपल्या भागातल्या आमदाराची चिठ्ठी घ्यायची, त्याच्या खोलीत सतरंजी टाकायची आणि कँटीनमध्ये जेवायचे. मीही तिथे जेवलो आहे. शेजारी गडचिरोलीचा शिक्षक, समोर नांदेडचा सरपंच. वरण पातळ असे. पण ताट उचलताना कोणी आडनाव विचारले नाही. विचारले ते मतदारसंघ कुठला एवढेच.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबा होते. हिंगणघाटहून मंडळी निघाली तेव्हा प्रत्येकाच्या फडक्यात भाकरी बांधलेली होती. शहरात कोणी जेवू घालील याचा कोणालाच भरवसा नव्हता. आज त्याच दिवशी दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जागोजागी भोजनदानाचे मांडव असतात. येईल त्याला जेवण, नाव न विचारता. सहा डिसेंबरला दादरलाही तसेच. ज्यांना शहराने जेवू घातले नाही, त्यांनीच शहरात सगळ्यांसाठी पंगत मांडली.

वहीतल्या शेवटच्या नोंदींपैकी एक १९६१ ची आहे. ‘धोबी तलाव. पाऊस फार. इराण्याकडे थांबलो. चहा, बनमस्का. बरा होता.’ पुढे ‘आपलेच’ नाही. आजोबांचे मन पालटले होते की फक्त पाऊस होता, हे त्या ओळीवरून ठरवू नये. पण तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जागा तिच्या चहावरून तोलली आहे. त्या बाकावर, त्याच संगमरवरी मेजाशी, चार वर्षांपूर्वी बाबा बसले असतील असे मला वाटून जाते. पुराव्याने सिद्ध होण्यासारखी ही गोष्ट नाही. मुंबईत इराणी पुष्कळ.

पुढच्या भेटीत मी ती वही बाबांना दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती सावकाश वाचली. ‘जेवण घरी’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले, पण ते काही बोलले नाहीत. सगळी वाचून झाल्यावर त्यांनी मागची पाने उलटली. ती कोरी होती. म्हणाले, “जागा आहे अजून. लिह्य.” आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. नायगावची ती खोली, तिथली बाई दोन भाकरी जास्तच वाढायची. वरळीच्या चाळीतले एक घर, पगार होईस्तोवर उधारी चालायची. डिलाईल रोडचा एकजण, ज्याच्याकडे गावाकडचे कोणीही रात्री-बेरात्री गेले तरी चूल पेटायची. नागपूरला इंदोऱ्यात एक घर. एकही हॉटेल नाही, सगळी माणसे. ती माणसे आता नाहीत आणि त्यांच्या मुलानातवंडांना विचारल्याशिवाय नावे इथे देणे बरे नाही. पण वहीत ती आहेत, माझ्या अक्षरात, आजोबांच्या नोंदींच्या मागे. सगळी सांगून झाल्यावर मी विचारले, बाबा, यांच्यापुढे काय शेरा लिहू? त्यांनी वही पुन्हा हातात घेतली, पहिले पान काढले आणि आजोबांच्या त्या शब्दावर बोट ठेवले.

“हेच लिह्य,” ते म्हणाले.